एकच घर, एकच कॉलेज, तीन वर्षांत तीन बिलं : राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीचं एक प्रकरण

भुदरगड तालुक्यातलं एक घर. वडील गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत ठेकेदाराकडे कामाला, आई घरची दोन जनावरं सांभाळते. आजोबांच्या नावावर तीन एकर ऊस आहे, तीन भावांत तोंडी वाटणी होऊन यांच्या वाट्याला एकर आलाय. मुलगी २०२३-२४ मध्ये कोल्हापूरच्या एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात लागली, धाकटा मुलगा २०२५-२६ मध्ये त्याच महाविद्यालयात. मजुरी, ऊस आणि दूध धरून तहसीलदारांच्या दाखल्यावरचं वार्षिक उत्पन्न २ लाख ९० हजार.

घर नमुन्याचं आहे. शुल्काचे आकडेही हिशेब सोपा जावा म्हणून गोल धरलेत: शिकवणी शुल्क १ लाख, विकास शुल्क १२ हजार, परीक्षा शुल्क ४ हजार, म्हणजे एकूण १ लाख १६ हजार. त्यावर लागलेले नियम मात्र खरे आहेत. तीन वर्षांत या घराच्या हाती आलेली बिलं अशी: पहिल्या वर्षी मुलीचं ६४ हजार, दुसऱ्या वर्षी तिचंच १२ हजार, आणि तिसऱ्या वर्षी मुलाचं पुरं १ लाख १६ हजार. तीन वर्षांत घरच्या परिस्थितीत काहीही बदललं नव्हतं. बदललं ते दुसरंच.

आधी योजना समजून घेऊ. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, म्हणजे आपल्याकडे अजूनही जिला ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत) म्हणतात ती. ऑक्टोबर २०१६ पर्यंत तिची उत्पन्नमर्यादा एक लाख होती. मग ती अडीच लाख झाली आणि किमान ६० टक्के गुण असणाऱ्यांसाठी सहा लाख. पुढे गुणांची अट गेली आणि २०१८ मध्ये मर्यादा आठ लाखांवर आली. व्यावसायिक अभ्यासक्रमाला या योजनेतून शिकवणी शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. विकास शुल्काला ती हात लावत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या तक्त्यात हे तिन्ही आकडे वेगवेगळे असतात. प्रवेशाच्या दिवशी पालकांच्या हातात मात्र एकच बेरीज पडते. पहिल्याच दिवशी तीन रकाने वेगळे लिहून मागा, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो.

पहिलं वर्ष, २०२३-२४

मुलीचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला. शिकवणी शुल्कातले ५० हजार आणि परीक्षा शुल्कातले २ हजार योजनेकडे गेले. घरानं भरायचे उरले ५० हजार, विकास शुल्काचे १२ हजार आणि परीक्षेचे २ हजार: एकूण ६४ हजार. योजनेचा वाटा महाविद्यालयानं विद्यार्थ्याकडून आगाऊ मागू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. काउंटरवर पूर्ण रक्कम मागितली गेली तर हेच सांगायचं, आणि तोंडी न सांगता प्राचार्यांच्या नावे अर्ज देऊन पोच घ्यायची.

खरी अडचण महिन्याची आहे. शुल्क जुलै-ऑगस्टमध्ये भरायचं असतं. कारखान्यांची धुराडी पेटतात दिवाळीच्या आसपास, आणि ऊसबिल येतं त्यानंतर. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, पण ते घरखर्चात जातं. म्हणून ६४ हजार तीन भागांत भरण्याची मुभा प्रवेशाच्या दिवशीच लेखी मागावी: एक भाग प्रवेशाला, एक डिसेंबरात, एक मार्चमध्ये. शिष्यवृत्तीचा हप्ता या गरजेच्या वेळी हाताशी असेल असं धरून चालू नये. तो दोन भागांत येतो आणि बहुतेकदा वर्षाच्या शेवटाकडे सरकतो.

या वर्षात घरानं गमावलं ते वसतिगृहाच्या भत्त्यात. मुलगी कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या मूळ रचनेत मोठी महानगरं सोडून इतर ठिकाणी अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या पाल्याला वर्षाला २० हजार मिळत, इतरांना ८ हजार. कोणत्या वर्षी कोणता दर लागू आहे, ते त्या वर्षीच्या अर्जाच्या पानावर पाहून मगच पैसे धरावेत. वडिलांच्या वाट्याला एकच एकर, म्हणजे अल्पभूधारकाच्या दोन हेक्टरच्या मर्यादेच्या कितीतरी आत. तरी दाखला मिळाला नाही, कारण सातबारा अजून आजोबांच्या नावावर. आजोबा वारून सहा वर्षं झाली तरी वारस नोंद झालेली नव्हती. कागदावर वडील भूमिहीन, आणि फौंड्रीतलं काम ठेक्याचं असल्यानं मजूर म्हणूनही नोंदणी नाही. १२ हजारांचा फरक एका फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीवर, अडला.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो. तलाठी फेरफार घेतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. भावाभावांत वाद नसेल तरी दीड-दोन महिने धरावेत. पोरगं अकरावीत असतानाच हे काम काढलं तर प्रवेशापर्यंत दाखला हातात असतो. ज्या घरात सातबारा दोन पिढ्या मागे आहे त्यांनी तर हे आजच काढावं. शिष्यवृत्तीपेक्षा जुनं हे दुखणं आहे, पण त्याची किंमत दरवर्षी शिष्यवृत्तीतून वसूल होते.

या भत्त्याला राहण्याचा पुरावा लागतो: वसतिगृहाचं प्रमाणपत्र किंवा भाडेकरार. दसरा चौक परिसरातल्या जुन्या बोर्डिंगांमधून हे प्रमाणपत्र सहज मिळतं. खोलीमालक मात्र करार करायला नाखूश असतात. खोली ठरवतानाच कराराची बोली करावी, डिपॉझिट दिल्यावर ती होत नाही.

दुसरं वर्ष, २०२४-२५

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं चित्र पालटलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के मिळू लागलं. नव्या प्रवेशांबरोबरच आधीपासून शिकत असलेल्या आणि अर्जाचं नूतनीकरण करणाऱ्या मुलीही त्यात आल्या. या घराचं बिल ६४ हजारांवरून १२ हजारांवर आलं. राहिलं ते फक्त विकास शुल्क.

पण निर्णय जुलैत आला आणि महाविद्यालयानं दुसऱ्या वर्षाची नावनोंदणी जूनमध्येच उरकली होती. जुन्या हिशेबानं मुलीकडून २५ हजारांचा पहिला भाग घेतलेला होता. विकास शुल्क वजा जाऊन १३ हजार परत यायला हवेत. असे पैसे आपणहून परत येत नाहीत. शासन निर्णयाची प्रत, भरलेली पावती आणि ‘जादा रक्कम परत करावी किंवा पुढील वर्षाच्या विकास शुल्कात वळती करावी’ एवढा दोन ओळींचा अर्ज द्यायचा. वळती करून घेणं बहुधा लवकर होतं. त्याचा शेरा पावतीवर घ्यायचा, वहीत नको.

इथे दोन चुका झाल्या.

पहिली उत्पन्नाच्या दाखल्याची. पहिल्या वर्षी मे २०२३ मध्ये काढलेल्या दाखल्याची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपलेली. ‘गेल्या वर्षी दिला होता की’ म्हणून तोच पुन्हा जोडला. अर्ज क्लार्ककडून परत आला, हे अर्ज ज्यावर भरतात त्या महाडीबीटी पोर्टलच्या भाषेत ‘सेंड बॅक’. नवा दाखला काढायला सेतू केंद्रात गेले तर जुलै २०२४ मध्ये तिथं मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अर्जांसाठी रांग लागलेली. लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, पण तलाठ्याचा अहवाल, सर्व्हर आणि गर्दी धरून महिना गेला. एप्रिल उजाडला की नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढायचा, प्रवेशाची किंवा निकालाची वाट पाहायची नाही. एप्रिल-मे मध्ये सेतू केंद्र मोकळं असतं.

दाखल्यांच्या बाबतीत आणखी एक घोळ सर्रास होतो. आठ लाख हा आकडा तीन कागदांवर असतो आणि तिन्हींची मोजणी वेगळी. शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाचं सर्व मार्गांनी आलेलं उत्पन्न, शेतीसह. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्रालाही आदल्या आर्थिक वर्षाचं सर्व उत्पन्न, आणि ते दरवर्षी नवं काढावं लागतं. नॉन क्रिमीलेअरला मात्र सलग तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात आणि त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. म्हणून नॉन क्रिमीलेअर आहे म्हणजे शिष्यवृत्तीचं उत्पन्न आपोआप सिद्ध झालं, असं होत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आरक्षण कायद्यानंतर मराठा समाजातल्या अनेक घरांनी ईडब्ल्यूएस सोडून नॉन क्रिमीलेअर काढलं आणि तहसीलदारांचा साधा उत्पन्नाचा दाखला काढायचा राहून गेला. आरक्षणाचा कागद जागेसाठी असतो, शुल्काचा कागद निराळा. दोन्ही लागतात.

दुसरी चूक बँकेची. मुलीनं दहावीनंतर गावच्या शाखेत खातं काढलं होतं आणि शिष्यवृत्ती त्यातच येईल असं घर धरून चाललं. मधल्या काळात कॉलेजच्या दारात एका बँकेनं शून्य शिल्लक खात्यांचा स्टॉल लावला. मुलीनं तिथं खातं उघडताना आधार जोडायची संमतीही दिली. थेट लाभ हस्तांतरणाचे (डीबीटी) पैसे पोर्टलवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं त्या खात्यात जातात. स्टॉलवरचं खातं वापर नसल्यानं बंद पडलं आणि भत्त्याचा हप्ता परत फिरला. हे तपासायला पैसे लागत नाहीत: आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव आणि चालू की बंद एवढं दिसतं. प्रत्येक अर्जाच्या आधी आणि कोणतंही नवं खातं उघडल्यावर ते पाहावं. शाखेत ‘आधार लिंक आहे’ असं सांगतात तेव्हा ते बहुधा केवायसीबद्दल बोलत असतात. आपल्याला हवं असतं ते ‘डीबीटीसाठी सीडिंग’. हाच शब्द वापरून फॉर्म मागा.

नूतनीकरणाबद्दल थोडक्यात: दुसऱ्या वर्षापासून नवा अर्ज भरायचा नसतो, जुन्याच लॉगिनमधून ‘रिन्यूअल’ करायचा. आयडी विसरला म्हणून नवं प्रोफाइल काढलं की एका आधारवर दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात. मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी, सत्र परीक्षेला बसलेलं असणं आणि अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड नसणं, या अटी दरवर्षी नव्यानं तपासल्या जातात.

अर्ज पुढे कुठं जातो तेही माहीत असावं. महाविद्यालयाचा क्लार्क, मग प्राचार्यांचं लॉगिन, मग विभागाचं कार्यालय. बी.ए., बी.एस्सी.वाल्यांसाठी ते कोल्हापुरातच, उच्च शिक्षण सहसंचालकांचं. अभियांत्रिकीचं मात्र तंत्रशिक्षण विभागाच्या पुण्याच्या कार्यालयात. त्यामुळे अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनमधून पुढे गेलेला नसताना पुण्याला खेटे घालण्यात अर्थ नसतो. आधी पोर्टलवर तो कोणत्या टेबलावर आहे ते बघायचं. प्रत्यक्षात सर्वांत जास्त अर्ज क्लार्कपाशीच थांबलेले असतात. ‘सेंड बॅक’चा संदेश आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर बऱ्याचदा वडिलांच्या जुन्या, बंद झालेल्या सिमचा असतो. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती पाहणं हाच त्यावर भरवशाचा इलाज. एखाद्या हप्त्यासाठी पोर्टल ‘रिडीम’, म्हणजे मंजूर रक्कम उचलण्याची संमती, मागत असेल तर ते बटण विद्यार्थ्यानंच दाबायचं असतं. ते न दाबता मंजूर झालेले पैसे पडून राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तिसरं वर्ष, २०२५-२६

आता भाऊ. घराला वाटलं, बहिणीचं मार्गी लागलंय, त्याच कॉलेजात त्याचंही होईल. मुलगा म्हणून त्याला १०० नाही, ५० टक्केच मिळणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ६४ हजारांची तजवीज केली होती. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, ही अटही ते पाळत होते.

त्या वर्षी अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्या तीनच्या चार झाल्या आणि जागा गोठण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळालेला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. मुलाला तिसऱ्या फेरीत त्याच महाविद्यालयात मेकॅनिकल मिळालं, पण ते यादीत आठव्या क्रमांकावर होतं. त्यामुळे ते न घेता पुढे जाण्याची मुभा होती. त्याला कॉम्प्युटर हवं होतं. चौथ्या फेरीत काहीच लागलं नाही. मग महाविद्यालयानं संस्थास्तरावर, म्हणजे कॅपबाहेर स्वतःच्या अखत्यारीत, कॉम्प्युटरची जागा देऊ केली आणि घरानं आनंदानं घेतली. शुल्क तेच, वर्ग तोच, शिक्षक तेच.

शिष्यवृत्ती मात्र शून्य. या योजनेला प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला लागतो. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश तिच्यात बसत नाहीत, मुलींच्या १०० टक्के सवलतीतही नाहीत. बिल १ लाख १६ हजार. कॅपमधली मेकॅनिकलची जागा घेतली असती तर ६४ हजार. फरक वर्षाला ५२ हजार, आणि प्रवेशाचा प्रकार पुढे बदलत नसल्यानं चार वर्षांचे २ लाख ८ हजार.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महागडा क्षण होता, आणि तो शिष्यवृत्तीच्या खिडकीवर घडला नाही. तो पसंतीक्रमाचा अर्ज भरताना घडला. अल्प उत्पन्नाच्या घरानं यादी भरताना प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं दोन आकडे लिहावेत, कॅपमधून पडेल ते बिल आणि संस्थास्तरावर पडेल ते. कॉम्प्युटर की मेकॅनिकल हा निर्णय मुलाचाच असावा, पण त्याची किंमत दोन लाख आठ हजार आहे हे त्याला आधी कळायला हवं. संस्थास्तरावरची जागा देताना कोणी ‘स्कॉलरशिपचं बघू नंतर’ म्हणालं, तर नंतर बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता या मुलापुढे काय आहे? एक दार उघडं आहे, आणि गंमत म्हणजे ते बहिणीला बंद आहे. केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची. बारावीत आपल्या मंडळाच्या आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना दरसाल १२ हजार आणि अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षाला २० हजार. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे राज्याच्या योजनेपेक्षा हजेरीची अट कडक. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत घेणाऱ्याला ही मिळत नाही. बहिणीनं १२ हजारांच्या मोहानं तिथं अर्ज केला असता तर लाखाची सवलत अडचणीत आली असती. भावाला राज्याचं काहीच मिळत नाही, म्हणून त्याच्यासाठी हीच योग्य. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे. मंडळ शाखानिहाय किमान गुण जाहीर करतं, ते पाहून ठरवायचं. आणि नवा अर्ज पहिल्याच वर्षी करता येतो, दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही.

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि महाविद्यालयाला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मानांकन असेल, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून भरलं जातं. बँकेत अर्ज करतानाच ‘व्याज अनुदानासह’ असं लिहून द्यावं. नंतर मागे जाऊन ते जोडून घेणं कठीण पडतं. सोसायटीचं पीककर्ज काढून शुल्क भरण्यापेक्षा हे बरं, कारण पीककर्ज ऊसबिलातून कापून जातं आणि पुढच्या लागणीला हात मोकळा राहत नाही.

चौथं वर्ष, मुलीचं शेवटचं

२०२६-२७ मध्ये मुलगी शेवटच्या वर्षाला जाईल. एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला, मे मध्ये आधार सीडिंगची तपासणी, पोर्टल उघडताच नूतनीकरण. वारस नोंद झालीच असेल तर भत्त्याच्या अर्जात अल्पभूधारकाचा दाखला आता जोडता येईल. मागच्या वर्षांचा फरक मिळत नाही.

शेवटच्या वर्षात निराळीच गफलत होते. दुसरा हप्ता बऱ्याचदा निकालानंतर येतो. तोवर मुलगी पुण्याला नोकरीला गेलेली असते, मोबाइल नंबर बदललेला असतो, जुनं खातं पगाराच्या खात्यानं मागे टाकलेलं असतं. पगाराचं खातं उघडताना आधार सीडिंगची संमती देऊ नये, किंवा दिलीच तर शिष्यवृत्ती त्या खात्यात येणार हे लक्षात ठेवून ते चालू ठेवावं. महाडीबीटीचा आयडी आणि पासवर्ड घरात धाकट्या भावाकडे लिहून ठेवावा. महाविद्यालय सोडल्याचा दाखला घेताना शुल्काच्या खात्याचा उतारा मागावा, आणि त्यात ‘शासनाकडून येणे’ असा रकाना वेगळा दाखवायला सांगावं. तो रकाना ‘विद्यार्थ्याकडून येणे’मध्ये मिसळला असेल तर तिथल्या तिथे लेखी दुरुस्ती करून घ्यायची, कारण गुणपत्रकाची मूळ प्रत अडते ती याच ओळीवर.